निमित्त सापडलं, कारण राहून गेलं

रुग्णालयांतल्या दुर्घटना, त्यांच्या चौकश्या आणि त्यानंतरचं शासन

(वणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)

 

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘भारतीय तत्त्वज्ञानातील कार्यकारणभाव’. मी त्यांना म्हटलं, विषय तोच ठेवू, पण उदाहरण घटाचं आणि पटाचं घेण्याऐवजी रुग्णालयाचं घेऊ या. ते जरा बिचकले. पण माझ्या दृष्टीने आज कार्यकारणभावाचा सगळ्यात गंभीर वर्ग भरतो तो कॉलेजात नव्हे, चौकशी समितीच्या बैठकीत. ‘हे का घडलं?’ हाच तिथला प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर चुकलं, तर परीक्षेत कोणी नापास होत नाही, माणसं मरतात. पुन्हा मरतात.

आधी काय घडलं ते नीट मांडतो.

दहा महिन्यांच्या आत

९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालय. मध्यरात्र उलटून गेल्यावर नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. त्यातली काही भाजून गेली, पण बरीचशी धुराने गुदमरून. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्चच्या अखेरीस मुंबईत भांडुपला एका मॉलमधल्या कोविड रुग्णालयात आगीने बळी घेतले. २१ एप्रिलला आपल्या नाशिकमध्ये, महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात, प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. दाब पडला, आतल्या रुग्णांचा पुरवठा खंडित झाला आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांची माणसं त्या दिवसांत नाशिकच्या कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात होती. दिंडोरी रोडने जाणाऱ्या रुग्णवाहिकांचा आवाज मला अजून आठवतो. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला पहाटे, विरारच्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात भरदिवसा अतिदक्षता विभाग पेटला. त्या दिवशी ११ रुग्ण गेले.

भंडारा ते नगर, दहा महिने पूर्ण व्हायलाही तीन दिवस कमी. दरम्यान मुख्यमंत्री भंडाऱ्याला जाऊन आले होते. राज्यातल्या सगळ्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले होते. त्याहीआधी, राजकोटच्या कोविड रुग्णालयातल्या आगीनंतर, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं होतं की प्रत्येक जिल्ह्यात समिती नेमा आणि कोविड रुग्णालयांचं फायर ऑडिट महिन्यातून किमान एकदा करा. त्या आदेशानंतर बाविसाव्या दिवशी भंडारा झालं. भंडाऱ्याचा तो कक्ष कोविडचा नव्हता हे खरं. पण नगरचा होता.

म्हणजे आदेश होते, ऑडिट होतं, समित्याही होत्या. तरी पुन्हा घडलं. का?

पैठणी आणि गाढव

आता थोडं न्यायदर्शनाकडे येतो. घाबरू नका, पाचच मिनिटं.

नैयायिक कारणाचे तीन प्रकार करतात. समवायी, असमवायी आणि निमित्त. जुन्या ग्रंथांत कापडाचं उदाहरण असतं. आपण येवल्याची पैठणी घेऊ. पैठणी ज्या रेशमाच्या धाग्यांची बनली ते धागे म्हणजे समवायी कारण. धागे गेले की पैठणी गेली. ते धागे एकमेकांत ज्या रीतीने गुंतले आहेत तो संयोग म्हणजे असमवायी कारण. आणि विणकर, त्याचा माग, त्याचा धोटा, ही निमित्त कारणं.

गंमत बघा, ‘निमित्त’ हा शब्द आपण रोज वापरतो. ‘ताप काय, निमित्त झालं’ असं म्हणतो तेव्हा आपल्याला नेमकं काय सुचवायचं असतं? की शरीर आतून खचलेलं होतंच, तापाने फक्त शेवटचा धक्का दिला. अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही निमित्त आणि मूळ कारण यांतला फरक कळतो. समित्यांना तो कळत नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याकडून अपेक्षा निमित्ताचीच केली जाते.

आणखी एक शब्द देतो: अन्यथासिद्ध. कुंभाराने घडा केला. त्याची माती गाढवाच्या पाठीवरून आली. मग गाढव हे घड्याचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. माती बैलगाडीतून आली असती तरी घडा झालाच असता. घटनेच्या वेळी जवळ असणं वेगळं आणि घटनेचं कारण असणं वेगळं. हा निकष ध्यानात ठेवा. त्या जागी दुसरं कोणी असतं, तर घटना टळली असती का? टळली नसती, तर कारण दुसरीकडे शोधा.

हा निकष आपण आता लावून बघू.

रुग्णालयाची इमारत म्हणजे काय?

इमारत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भिंती आणि स्लॅब येतात. पण रुग्णालयात भिंत सहसा पडत नाही. पडते ती भिंतीच्या आतली व्यवस्था. वायरिंग, विजेचं पॅनेल, एसीचे डक्ट, प्राणवायूच्या तांब्याच्या नळ्या, दारं, जिने.

एका जुन्या वॉर्डात पूर्वी काय असायचं? चार पंखे आणि सहा ट्यूबलाइट. त्याच वॉर्डाचा अतिदक्षता विभाग केला की प्रत्येक खाटेशी व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप येतो, आणि वर एसी, तोही चोवीस तास. तारा मात्र कधीकधी जुन्याच राहतात. तार तापते. दिवसाला, आठवड्याला काही होत नाही. एका रात्री होतं.

दुसरी गोष्ट हवेची. साध्या हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. प्राणवायू स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला भडकवतो. बंद एसी खोलीत दहा-पंधरा जणांना जोरात प्राणवायू चालू असेल, मास्कच्या कडेने तो थोडा थोडा सुटत असेल, तर गादी, पडदा, प्लॅस्टिक हे सगळं नेहमीपेक्षा कितीतरी लवकर पेट घेतं. म्हणून अतिदक्षता विभागात हवा सतत बदलती ठेवणं हा चैनीचा भाग नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सिनेमागृहात आग लागली तर माणूस निदान पळू शकतो. नवजात बाळ पळत नाही. व्हेंटिलेटरवरचा माणूस पळत नाही. म्हणून रुग्णालयात आग विझवण्यापेक्षा धूर लवकर कळणं, धूर अडणं आणि माणसं शेजारच्या सुरक्षित भागात पटकन सरकवता येणं जास्त मोलाचं असतं. भंडाऱ्याची बरीच बाळं धुराने गेली, हे मी मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी.

तेव्हा ठिणगी म्हणजे निमित्त. इमारत कशाची बनली आहे, ते समवायी. आणि तिचे भाग एकमेकांशी कसे जोडले आहेत, दार कुठे उघडतं, गजर कुठे वाजतो, रात्री कोण कुठे असतं, ते असमवायी. निमित्त शोधायला दहा दिवस पुरतात. बाकीची दोन शोधायला कागद चाळावे लागतात, पंधरा वर्षं मागे जावं लागतं आणि मंत्रालयापर्यंत वर चढावं लागतं.

चौकशी कशी झाली?

भंडाऱ्यात सहा जणांची समिती नेमली गेली. तिचं अध्यक्षपद आधी आरोग्य संचालकांकडे होतं. मग आक्षेप आला, आणि तो योग्यच होता, की आरोग्य खात्याची चौकशी आरोग्य खात्यानेच कशी करायची? मग नागपूरच्या विभागीय आयुक्तांना अध्यक्ष केलं, अग्निशमनातले जाणकार घेतले. हे शासनाने चांगलं केलं आणि तसं म्हटलं पाहिजे. समितीने अहवाल दिला. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विद्युत यंत्रणेतल्या बिघाडातून आग लागली, असं त्यातून पुढे आलं. २१ जानेवारीला आरोग्यमंत्र्यांनी पत्रकारांसमोर निष्कर्ष सांगितले आणि कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचं निलंबन, काहींची बदली, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवासमाप्ती. मृतांच्या पालकांना पाच-पाच लाख रुपये. पुढे परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला.

नाशिकला सात जणांची समिती. अध्यक्ष नाशिकचे विभागीय आयुक्त. सहा-सात महिन्यांनी नगरला पुन्हा समिती, आणि अध्यक्ष पुन्हा नाशिकचे विभागीय आयुक्त, कारण नगर त्याच महसुली विभागात येतं. समितीला दिलेली मुदत साधारण आठवड्याची. इकडे आग लागल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत पोलिसांनी एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक केली होती. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की वायरिंग आम्ही केलं नाही, इमारत आम्ही ताब्यात घेतली नाही. त्याच दिवसांत अग्निशमन अधिकाऱ्यांनी माध्यमांना सांगितलं होतं की या रुग्णालयाचं फायर ऑडिट झालेलं होतं, पण अग्निसुरक्षा यंत्रणेचं काम निधीअभावी अपुरं होतं.

आता गाढवाचा निकष लावा. (परिचारिका भगिनींनी माफ करावं, दृष्टान्त नैयायिकांचा आहे, माझा नाही.) त्या दिवशी पाळीवर दुसरी परिचारिका असती, तर आग टळली असती का? ऑडिटने सांगितलेलं काम पूर्ण झालं असतं, तर जीव वाचले असते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘नाही’ असं येतं. दुसऱ्याचं बहुधा ‘हो’ येतं. मग अटक पहिल्या प्रश्नातल्या माणसाला का होते? कारण ती जवळ असते. तिचं नाव हजेरीपटावर असतं. ज्या टेबलावर फाइल थांबली त्या टेबलाचं नाव हजेरीपटावर नसतं.

कोणी हलगर्जी केली असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. मी ती माफ करा म्हणत नाही. पण शिक्षा आणि चौकशी ही दोन वेगळी कामं आहेत. शिक्षा विचारते, ‘कोण?’ चौकशीने विचारायला हवं, ‘कसं?’ आपल्याकडे ‘कोण’ सापडला की फाइल बंद होते, आणि ‘कसं’ पुढच्या वॉर्डात तसंच शिल्लक राहतं.

फ्रीज आणि आवरण

असं वेगळं करून दाखवता येतं का? येतं. १४ जून २०१७ ला लंडनमध्ये ग्रेनफेल टॉवर ही निवासी इमारत जळाली. ७२ माणसं गेली. आग सुरू झाली चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या फ्रीजमधून. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी काय छापून आलं असतं? ‘फ्रीजमध्ये शॉर्टसर्किट’. त्या घरात राहणारा माणूस पोलिस ठाण्यात बसला असता.

तिथल्या चौकशीने काय केलं? आपल्या पहिल्या अहवालात, २०१९ मध्ये, स्पष्ट लिहिलं की त्या रहिवाशाचा काहीही दोष नाही. फ्रीज पेटणं ही घरात होऊ शकणारी साधी घटना होती. तिचा वणवा झाला तो इमारतीच्या बाहेरून लावलेल्या आवरणामुळे, ज्याच्या आत जळाऊ प्लॅस्टिक होतं. फ्रीज निमित्त, आवरण समवायी. मग ते आवरण तिथे आलं कसं, कोणी विकलं, कोणी मंजूर केलं, सरकारने धोक्याच्या सूचना किती वर्षं बाजूला ठेवल्या, हे सगळं सप्टेंबर २०२४ च्या अंतिम अहवालात आलं. सात वर्षं लागली. हा उशीर भयंकर आहे, आणि तिथली कुटुंबंही तेच म्हणतात. पण सुनावण्या उघड्यावर झाल्या आणि कोणालाही पाहता आल्या.

रुग्णालयाचंच उदाहरण हवं असेल तर स्कॉटलंडचं घ्या. एडिंबरात मुलांसाठी नवं रुग्णालय बांधलं. जुलै २०१९ मध्ये उघडायला काही दिवस उरले असताना आरोग्यमंत्र्यांनी ते थांबवलं, कारण अतिदक्षता विभागातली हवा मानकाप्रमाणे बदलत नव्हती. तिथे कोणी मेलं नव्हतं, तरी सार्वजनिक चौकशी नेमली. चौकशी मागे मागे गेली आणि २०१२ च्या एका तक्त्यापाशी पोहोचली. तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी होती, तक्त्यात चार लिहिलं गेलं. तो आकडा पुढे प्रत्येकाने तसाच उचलला आणि त्यावर अख्खी इमारत उभी राहिली. कारणाचा शोध कसा असतो ते बघा. वॉर्डातल्या सिस्टरपासून सुरुवात करून सात वर्षं मागच्या एका चौकोनातल्या आकड्यापर्यंत.

आपल्या घरातलं उदाहरण

‘ते इंग्रजांचं झालं’ असं कोणी म्हणेल. मग आपलं घेऊ. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. लेंटिन यांनी रुग्णालयाच्या औषध-खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तिथून मंत्र्यांपर्यंत साखळी उलगडली. साक्षी उघड झाल्या, रोज वर्तमानपत्रात आल्या. अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावं लागलं. महाराष्ट्रात हे होऊ शकतं, झालेलं आहे.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग ऐका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली. काहींना उपचाराला आपल्या नागपूरला आणलं होतं. औषधात काय निघालं? तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. एकोणचाळीस वर्षांनी. म्हणजे अहवाल चांगला असणंही पुरत नाही. अहवालाला पुढे सांभाळणारा कोणी लागतो. अहवाल म्हणजे रोगनिदान. औषधं कोणी आणली नाहीत तर निदानाचा कागद उशाशी ठेवून रोगी बरा होत नाही.

समिती आणि आयोग यांत फरक काय?

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण वर्तमानपत्रं दोन्हींना ‘चौकशी’च म्हणतात.

आयोग हा १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला जातो. तो साक्षीदाराला बोलावू शकतो, शपथेवर विचारू शकतो, कागद मागवू शकतो. ज्याच्या नावाला बट्टा लागण्याची शक्यता आहे त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आणि सर्वात महत्त्वाचं, आयोगाने अहवाल दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत शासनाने तो विधिमंडळासमोर ठेवायचा असतो, सोबत ‘आम्ही यावर काय केलं’ याचा कृती-अहवाल जोडून. आयोगाच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. पण नाकारायच्या तर उघडपणे नाकाराव्या लागतात.

प्रशासकीय समितीला यातलं काही लागू नाही. ती शासनाच्या आदेशाने नेमली जाते, शासनालाच अहवाल देते, आणि आपल्या हाती बहुतेक वेळा पत्रकार परिषदेतले निष्कर्ष येतात. निष्कर्ष कळणं आणि अहवाल वाचायला मिळणं यात फार अंतर आहे. निष्कर्षात ‘कोण’ असतो. ‘कसं’ आतल्या पानांवर असतं. आतली पानं न वाचता दुसऱ्या जिल्ह्यातला इंजिनिअर शिकणार कशातून? जुलै २०२१ मध्ये गुजरातच्या रुग्णालय-आगीचा आयोगाचा अहवाल सर्वोच्च न्यायालयात बंद लिफाफ्यात आला, तेव्हा न्यायालयानेच विचारलं होतं की यात असं गुप्त काय आहे? तोच प्रश्न आपला.

ग्रेनफेलच्या अंतिम अहवालातली एक शिफारस मला फार आवडली. चौकश्यांनी केलेल्या शिफारशींची एक सार्वजनिक नोंदवही सरकारने ठेवावी आणि प्रत्येकीपुढे काय केलं ते लिहावं, हे कायद्याने बंधनकारक करा. किती साधी गोष्ट आहे! आपल्या किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असते. शासनाकडे शिफारशींच्या उधारीची वही का नको?

आणि आपण?

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्याविरुद्ध जाते.

काही वर्षांपूर्वी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी मी एका रुग्णालयात चार दिवस होतो. कुठलं ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होतो. टोकाला एक दार, वर हिरवी पाटी ‘संकटकालीन मार्ग’, आणि दाराला साखळी-कुलूप. वॉर्डबॉयला विचारलं, तो म्हणाला चावी वॉचमनकडे. वॉचमन म्हणाला चावी दिवसपाळीवाल्याकडे. कुलूप का लावलं? तर त्या जिन्यावरून कोणी तरी वर येतं, पेशंटचे मोबाइल चोरतं. कारण अगदी खरं होतं. मंडळी, अशा प्रत्येक कुलपामागे एक खरं, समजूतदार कारण असतं.

चौथ्या दिवशी मला सोडलं. मी घरी आलो. अर्ज केला नाही. चाळीसेक वर्षं मुलांना कार्यकारणभाव शिकवला, पण एक ओळीचा अर्ज लिहिला नाही. मला बरं वाटत होतं ना!

तेव्हा जे मी केलं नाही ते तुम्हाला सांगतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. हे रुग्णालयाला लागू आहे, सरकारी असो की खासगी. म्हणून पहिला प्रश्न: या जानेवारीचं किंवा जुलैचं प्रमाणपत्र आहे का? दुसरा: शेवटच्या ऑडिटमध्ये काय काय करायला सांगितलं आणि त्यातलं काय झालं? तिसरा: जे झालं नाही त्याचा निधी कोणाकडे मागितला, कोणत्या तारखेला? चौथा: रात्रपाळीत सराव कधी घेतला? दिवसाचा सराव फोटोपुरता होतो, मी रात्रीचा म्हणतोय.

सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत हे विचारता येतं आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कारण त्याच्या उत्तरात त्या टेबलाचं नाव येतं, जे हजेरीपटावर नसतं. आग लागण्याच्या आधी येतं.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: सर, आयोग नेमला की वर्षानुवर्षं चालतो. त्यापेक्षा आठवड्यात अहवाल देणारी समिती बरी नाही का?*

तुमची शंका रास्त आहे. मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला गेला, अहवाल १९९८ मध्ये आला. म्हणून मी ‘समिती नको’ म्हणत नाही. दोन्ही हवेत, क्रमाने. आठवड्यात समितीने सांगावं की आग कशी लागली आणि राज्यातल्या बाकी रुग्णालयांनी उद्यापासून काय बंद करावं. त्यानंतर ठरावीक मुदतीत, उघडपणे, एखाद्या स्वतंत्र माणसाने सांगावं की ती परिस्थिती कशी तयार झाली. आपल्याकडे पहिला अंक संपला की पडदा पडतो. प्रेक्षकही उठून जातात, हेही खरं.

*प्रश्न (एका परिचारिका ताईंचा): सर, आमच्याकडे रात्री एका सिस्टरवर तीस-तीस पेशंट असतात. पॅनेलमधून वास येतो, आम्ही तोंडी सांगतो. कोणी येत नाही. उद्या काही झालं तर नाव आमचंच येणार. आम्ही काय करायचं?*

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि असल्याचं सोंग मी आणणार नाही. एवढंच सांगतो: तोंडी सांगू नका. ड्यूटीच्या रजिस्टरमध्ये तारीख, वेळ घालून लिहा, आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकटीने लिहू नका, पाळीवरच्या सगळ्यांनी लिहा. हा तुमचा बचाव आहे हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की उद्याच्या चौकशीला मागे जायला एक पायरी मिळते. एडिंबराच्या चौकशीला तो चुकीचा आकडा सापडला, कारण तक्ता कोणी तरी जपून ठेवला होता.

आणि बाकीच्यांना सांगतो. ताईंनी आत्ता जे सांगितलं ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. उद्या कुठल्या वॉर्डातून बातमी आली, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं या सभागृहातल्या कोणाला म्हणता येणार नाही. मलासुद्धा. म्हणून या सोमवारी मी आपल्या भागातल्या सरकारी रुग्णालयांसाठी हेच चार प्रश्न लिहून अर्ज देणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी खाली थांबा, नावं लिहून घेतो.